अज्ञात दोन, समीकरण एकच

प्रश्न : मुलीच्या सरावसंचातलं उदाहरण आहे. वर्गात ३० पेक्षा जास्त आणि ४० पेक्षा कमी मुलं. प्रत्येकाने सारखीच पानं वाचली, एकूण १०७३. तर मुलं किती? क्ष गुणिले य बरोबर १०७३, इथेच मी अडकले. दुसरं समीकरण आणायचं कुठून?

उत्तर : दुसरी अट उदाहरणातच आहे, फक्त ती लिहिलेली नाही. साडेसदतीस मुलं नसतात! मुलं पूर्ण, पानंही पूर्ण; म्हणजे दोन्ही संख्या १०७३ च्या विभाजक हव्यात. ३३ चा वर्ग १०८९, म्हणजे १०७३ पेक्षा जास्त; तेव्हा दोन विभाजकांपैकी लहान ३३ पेक्षा कमीच असणार, म्हणून ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून पाहायचं. २, ३, ५ बघताक्षणी बाद. ७, ११, १३, १७, १९, २३ यांनीही बाकी उरते. २९ ने मात्र नेमका भाग जातो : २९ × ३७. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे विभाजक चारच : १, २९, ३७, १०७३. अटीत बसतो एकटा ३७. मुलं ३७, पानं प्रत्येकी २९.

मला स्वतःला सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत फार आवडते. १०८९ मधून १०७३ वजा करा, उरतात १६, म्हणजे ४ चा वर्ग. म्हणजे १०७३ ही ३३ आणि ४ यांच्या वर्गांची वजाबाकी; मग (३३ − ४) × (३३ + ४), झाले अवयव! दर वेळी इतक्या लवकर पूर्ण वर्ग मिळत नाही, तेव्हा भागाकार आहेच. मुलीला १५१७ देऊन पाहा. ३९ च्या वर्गापासून सुरुवात करायला सांगा.