साडेसात भागिले सव्वा, नऊ की सहा?

प्रश्न: मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. सध्या पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा भागाकार चालू आहे. साडेसात भागिले सव्वा असं गणित होतं, ह्याने सातला एकने भागलं, आले सात, अर्ध्याला पावने भागलं, आले दोन, दोन्ही मिळवून नऊ लिहिलं आणि वहीत लाल फुली घेऊन आला. म्हणतो बेरजेत वेगवेगळं केलेलं चालतं मग इथे का नाही? मलाच सांगता येईना. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर टाकलं तर तिथे ७.७५, म्हणजे तिसरंच काहीतरी. सासरे मात्र पेपरातून मान वर न करता "सहा" म्हणाले आणि बरोबर निघालं! कसं ते काही सांगत नाहीत, नुसते हसतात.
– एक आई, डोंबिवली

उत्तर: आधी सासऱ्यांचं गुपित फोडते. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे, काहींना तर औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा. सवायकीत एकाचे सव्वा, दोनाचे अडीच, तिनाचे पावणेचार, चाराचे पाच, पाचाचे सव्वासहा आणि सहाचे साडेसात. त्यांनी भागाकार केलाच नाही हो, पाढा उलटा वाचला.

आता मुलाचं. त्याला सत्यनारायणाच्या शिऱ्यावर आणा, कारण सव्वाचं माप तिथे घरोघरी असतं. समजा सोसायटीच्या पूजेला साडेसात किलो रवा आणलाय आणि एका कढईला सव्वा किलो लागतो, तर किती कढया होतील, एवढंच ते गणित आहे. तुमच्या मुलाने काय केलं बघा, सात किलो रव्याला कढईमागे एकच किलो घेतला, अशा सात कढया केल्या, आणि उरलेल्या अर्ध्या किलोच्या कढईमागे पाव पाव किलो घालून आणखी दोन. झाल्या नऊ, पण एकीतही सव्वा किलो नाही! सात कढयांत पाव किलो कमी आणि शेवटच्या दोन तर वाटीभर प्रसादाच्या. बेरजेत असं होत नाही कारण तिथे सगळा रवा एकाच ढिगात जातो, कुठून आधी ओतला ह्याने काही बिघडत नाही.

गंमत म्हणजे तोडायचंच असेल तर भाज्य तोडता येतं. सात किलोच्या सव्वा किलोने २८/५ कढया, अर्ध्या किलोच्या २/५, मिळून ३०/५ म्हणजे सहा. भाजक मात्र तोडायचा नाही, कढईचं माप अख्खंच ठेवायचं.

मग करायचं कसं, तर सगळं पाव किलोत मोडा. साडेसात किलो म्हणजे ३० पाव, सव्वा म्हणजे ५ पाव, ३० भागिले ५. संपलं. पुस्तकात आधी अंशाधिक अपूर्णांक करायला लावतात ते ह्याचसाठी, साडेसातचे १५/२ आणि सव्वाचे ५/४. पुढे "भाजक उलटा करून गुणा" हे मुलं मंत्रासारखं म्हणतात, पण त्यातही जादू नाहीये. किलोचे पाव करायला ४ ने गुणलं, मग पाच-पाच पावांचे गट करायला ५ ने भागलं, म्हणजे ४/५ ने गुणलं. १५/२ गुणिले ४/५, ६०/१०, सहा. भाजकाचे अंश-छेद अदलाबदल करून गुणायचं ही रीत भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत दिलीये, तेव्हा नवीन अभ्यासक्रमाला बोल लावू नका.

मोबाईलचं सोपं आहे. तुम्ही बहुतेक ७+१/२÷१+१/४ असं टाकलंत. मशीन भागाकार आधी उरकतं, त्याला अर्धा भागिले एक दिसतो, आणि सात, अर्धा, पाव मिळून पावणेआठ देतो. दोन्ही संख्यांना कंस घाला, येईल सहा.

आता एक गणित त्याला तुम्ही घाला, रवा आठ किलो आणला तर? ३२ पाव भागिले ५, उत्तर ६ पूर्णांक २/५. इथे थांबून विचारा, उरला किती रवा? बहुतेक मुलं झटकन २/५ किलो म्हणतात, म्हणजे ४०० ग्रॅम. पण सहा कढयांना साडेसात किलो गेला, उरला अर्धा किलो! तो २/५ किलोचा नाही, कढईचा आहे, सव्वा किलोचे दोन पंचमांश. माझ्या मते ह्या धड्यातली खरी अवघड जागा हीच, उलटं करण्याची नव्हे, आणि परीक्षेत ती कोणी फारसं विचारत नाही म्हणून सुटून जाते.

प्रश्न: उलटा कुठला करायचा, पहिला की दुसरा? माझी मुलगी दरवेळी घोळ घालते.
– एक बाबा, सातारा

उत्तर: दुसरा, ज्याने भागायचं तो. पहिला उलटला तर वरच्या गणिताचं उत्तर १/६ येतं, म्हणजे साडेसात किलोत अख्खी एक कढईसुद्धा नाही, हे तिला दाखवा, चूक तिची तीच पकडेल. आणखी एक बघा, ती सव्वाचा अंशाधिक न करताच नुसता १/४ उलटा करून १ पूर्णांक ४/१ लिहीत नाही ना? तसं केलं तर सव्वाचे पाच होतात. आधी ५/४, मगच उलटापालट.

आणि पावणेतीन म्हणजे २ पूर्णांक ३/४, ३ पूर्णांक ३/४ नाही, हे एकदा विचारून घ्या. इंग्रजी आकडे म्हणणाऱ्या मुलांची गाडी बऱ्याचदा भागाकाराच्या आधी ह्या "पावणे"तच अडकलेली असते.