पट्टी डोळ्यामागे गेली, म्हणून काळ्या मानेचा?

वाचकांचे प्रश्न : पक्षी

प्रश्न : आमच्या वाडीतल्या वडावर दर हिवाळ्यात हळद्ये येतात. यंदा जानेवारीत आलेल्या एका नराची डोळ्यावरची काळी पट्टी बरीच मागे गेलेली दिसली. इंटरनेटवरच्या फोटोंत हळद्याची पट्टी डोळ्यापाशीच संपते. मग हा काळ्या मानेचा हळद्या समजायचा का? तीन फोटो सोबत पाठवतो आहे.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : फोटोतला पक्षी आपला नेहमीचा हळद्याच आहे. घोटाळा तुम्ही ज्या फोटोंशी ताडून पाहिलं, तिथे झाला. ते युरोपातल्या हळद्याचे असणार. त्याची काळी पट्टी चोचीपासून निघून डोळ्यापाशी संपते. आपल्याकडच्या हळद्याची डोळा ओलांडून थोडी मागे जाते. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांचं वर्णन करताना १८३२ मध्येच आपल्या हळद्याला वेगळं नाव दिलं होतं, पण पुढे बराच काळ दोघांना एकाच जातीत धरलं गेलं. २००५ पासून त्यांना पुन्हा स्वतंत्र मानू लागले. त्यामुळे जुन्या पुस्तकांत आणि कित्येक संकेतस्थळांवर दोघांची चित्रं आजही एकाच नावाखाली सापडतात.

तेव्हा पट्टी किती लांब आहे यावर जाऊ नका, ती कुठे जाते ते बघा. हळद्याची पट्टी डोळ्यामागे निमुळती होत संपते आणि मान मागून स्वच्छ पिवळी असते. काळ्या मानेच्या हळद्यात ती निमुळती होत नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मानेमागे एकमेकींना मिळतात. तुमच्या तिसऱ्या फोटोत पक्षी फळासाठी खाली वाकला आहे आणि त्याची मान मागून पूर्ण दिसते. तिथे काळ्याचा मागमूस नाही. हा एक फोटो नसता, तर पहिल्या दोनांवरून आम्हीही ठाम उत्तर दिलं नसतं.

दुसरी खूण पंखाची. हळद्याच्या नराचा मिटलेला पंख खांद्यापासूनच काळा दिसतो आणि त्यात एक ठळक पिवळा ठिपका असतो. काळ्या मानेच्या नराचा खांदा पाठीसारखाच पिवळा असतो, त्यामुळे मिटलेल्या पंखात काळा भाग कमी वाटतो. चोच दोघांचीही गुलाबी, पण काळ्या मानेच्या हळद्याची बुडाशी जास्त जाड. आकारावर मात्र विसंबू नका. एक साधारण २५ सेंटिमीटरचा, दुसरा २७. उंच वडावर हा फरक कुणालाच कळायचा नाही.

चूक बहुतेक वेळा मानेवरच होते. पक्षी मान आखडून बसला की पिसांच्या घडीत सावली पडते आणि पट्टी जोडल्यासारखी वाटते. उलट काळ्या मानेच्या हळद्याला खालून पाहिलं, तर मागचा जोड दिसतच नाही. म्हणून तो फळाकडे मान ताणेपर्यंत थांबा आणि एकामागोमाग बरेच फोटो घ्या. सकाळी झाडाच्या पूर्वेला, समुद्राकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे ऊन पाठीमागून येईल. उन्हातला पिवळा रंग फोटोत पांढुरका होतो आणि बारीक रेघा नाहीशा होतात. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर थोडं उतरवून ठेवा.

काळ्या मानेचा हळद्या पूर्व आशियातून हिवाळ्यात येतो आणि कोकणात तो क्वचितच दिसतो. त्याची नोंद करायची असेल, तर मानेचा मागून काढलेला फोटो हवाच.

प्रश्न : नर ओळखता येतो, पण मादीचं काय? आणि आवाजावरून निवाडा होतो का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : माद्यांसाठी धीर लागतो. हळद्याची मादी वरून हिरवट, खालून पांढुरकी आणि तपकिरी रेघांची असते. डोळ्यावरची पट्टी फिकट, करडी. काळ्या मानेच्या मादीची पाठही हिरवट असते, पण पट्टी मळकट का होईना, मानेमागे पोचलेली दिसते. खरी पंचाईत पिल्लांची. काळ्या मानेच्या हळद्याच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाला ती पट्टी धड नसते आणि छातीवर रेघा दोघांच्याही पिल्लांना असतात. अशा वेळी चोचीच्या जाडीवरून जेवढा अंदाज येईल तेवढाच. फोटोत तीही स्पष्ट नसेल, तर नोंदीत नुसतं ‘हळद्या, जात अनिश्चित’ लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही जात न ठरवता नोंद करता येते. ओढूनताणून नाव दिलेल्या नोंदीपेक्षा अशी नोंद कितीतरी मोलाची.

मे महिन्यात काजूच्या बागेत रेघारेघांचा हळद्या दिसला, तर आधी काळ्या डोक्याच्या हळद्याचं पिल्लू आठवा. हा बारमाही राहणारा. मोठ्याचं डोकं आणि गळा पूर्ण काळा असतो, पण पिल्लाच्या डोक्यावरचा काळा रंग पिवळ्या रेघांनी विस्कटलेला, कपाळ पिवळसर आणि पांढऱ्या गळ्यावर काळ्या रेघा असतात. चोचही गडद. मोठ्याची गुलाबी चोच डोक्यात ठेवून शोधलं, की हा पक्षी कुठल्याच चित्राशी जुळत नाही.

आवाजावर निवाडा करू नका. हिवाळ्यात पुरती शीळ कमी ऐकू येते आणि कर्कश, नाकातले आवाज दोन्ही जाती काढतात. त्यात भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. आवाज ऐकून दुर्बीण त्या दिशेला वळवा. नाव मात्र पक्षी दिसल्यावरच लिहा.

प्रश्न : परसातल्या शेवग्यावर चिमणीएवढा पिवळा पक्षी येतो. हे हळद्याचं पिल्लू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, हा सुभग. लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर, गडद पंखांवर दोन पांढरे पट्टे, डोळ्यावर पट्टी नाही. हळद्याचं पिल्लू घरट्याबाहेर पडून उडू लागतं तेव्हाही ते सुभगापेक्षा बरंच मोठं असतं. सुभग पानांआड अळ्या टिपत फिरतो. शेवग्यावर औषध फवारलं नाही, तर तो रोज येईल.