वर्गात मुलं बोलावीत म्हणून वादविवाद घ्यावा का? कसा घ्यावा?

नववीच्या वर्गात काहीही विचारलं तरी ठरावीक चार-पाच हातच वर होतात, वादविवादाने फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. पडतो. फक्त त्याची स्पर्धा करू नका.

मी नववी-दहावीला इतिहास शिकवते. पहिल्यांदा मी 'मोबाईल : शाप की वरदान' हा विषय दिला आणि स्वतः परीक्षक होऊन बसले. तेच चार-पाच जण उठले, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हणत पाठ केलेला निबंध म्हणून दाखवला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. चर्चा झालीच नाही.

मग विषय इतिहासातलाच घेतला. १८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं किमान वय, १० वरून १२ वर्षं झालं. आगरकर कायद्याच्या बाजूचे. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, हे टिळकांचं म्हणणं. प्रश्न दिला : समाज कायद्याने सुधारतो की समजुतीने? बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. पाच मिनिटं बाकावरच्या दोघांनी मिळून दोन मुद्दे लिहायचे, म्हणजे न बोलणाऱ्याच्या हातातही काहीतरी असतं.

नियम एकच, पण कडक. समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या शब्दांत सांगायचा. तो 'हो, हेच म्हणालो' म्हणाला की मगच उत्तर. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मांडायची आपली जुनी रीत आहे, तीच ही. नाहीतर मुलं ऐकतच नाहीत, पाळी येईपर्यंत स्वतःचं भाषण मनात घोकत बसतात.

त्या दिवशी शेवटच्या बाकावरची, वर्षभर न बोललेली एक मुलगी कागदाकडे बघतच म्हणाली, "बाई, आता अठराचा कायदा आहे, तरी आमच्या शेजारच्या ताईचं दहावीनंतर लग्न लावलंच की." वर्ग गप्प. तिचा मुद्दा नीट परत सांगून एक मुलगा म्हणाला, "पण कायदा आहे म्हणूनच ते चूक झालं असं आपण म्हणू शकतो ना?" त्यानंतर हात मोजायची वेळ आली नाही.

तास ३५ मिनिटांचा असेल तर अर्ध्यावर बाजू बदलायला लावा, निकाल देऊ नका. आणि शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा, आवाज होतोच.