‘नाइट अँड द सिटी’: अडकलेले पाउंड, पळवून लावलेला दिग्दर्शक आणि सत्तरीतला पहिलवान

तुमचे प्रश्न तीन. ‘नाइट अँड द सिटी’ (१९५०) हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा, म्हणजे अस्सल हॉलिवूडचा सिनेमा, मग तो लंडनच्या गल्ल्यांत जाऊन का काढला? यूट्यूबवरच्या प्रिंटमधलं संगीत आणि तुमच्या डीव्हीडीतलं संगीत वेगळं का? आणि तो म्हातारा पहिलवान खरा आहे की नट?

तिसऱ्या प्रश्नासाठी मी इथे कित्येक वर्षं दबा धरून बसलोय. पण क्रमाने जाऊ. पुढे शेवट फुटणार आहे, त्यामुळे ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून या.

लंडनचं पहिलं कारण कलेत नाही, हिशेबाच्या वहीत आहे. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरचा खडखडाट होता आणि थिएटरं मात्र हॉलिवूडच्या सिनेमांनी भरलेली. ऑगस्ट १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने या सिनेमांवर ७५ टक्के कर लावला. हॉलिवूडने नवे सिनेमे पाठवणंच बंद केलं. मार्च १९४८ मध्ये तडजोड झाली. कर गेला, पण ढोबळमानाने सगळ्या अमेरिकन कंपन्यांनी मिळून वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलरच मायदेशी न्यायचे असं ठरलं. वरचे पाउंड ब्रिटनमध्ये अडकून पडले. पैसा आहे, पण घरी नेता येत नाही. मग तो तिथेच खर्च करायचा, आणि सिनेमा कंपनीला खर्चाचा ठाऊक असलेला मार्ग एकच. फॉक्सचं युनिट लंडनला आलं ते असं.

दुसरं कारण माणसाचं. दिग्दर्शक ज्यूल्स डासिन. नावावरून बरेच जण त्याला फ्रेंच समजतात, पण गडी जन्मला कनेक्टिकटमध्ये. ‘द नेकेड सिटी’ (१९४८) हा त्याचा सिनेमा न्यूयॉर्कच्या भर रस्त्यांत चित्रित झालेला, त्यामुळे स्टुडिओबाहेर कॅमेरा न्यायची त्याला सवय होती. पण तो एके काळी कम्युनिस्ट पक्षात होता, आणि १९४७ पासून हॉलिवूडमध्ये अशा लोकांची काळी यादी करून त्यांना काम नाकारायचा सपाटा सुरू झालेला. डासिनने म्हातारपणी मुलाखतींत सांगितलेली हकिकत अशी: फॉक्सचा प्रमुख डॅरिल झॅनक स्वतः त्याच्या घरी आला, हातात कादंबरी ठेवली आणि म्हणाला, लंडनला नीघ, हा बहुधा तुझा शेवटचा सिनेमा. पटकथा लवकर उरक आणि सगळ्यांत खर्चिक प्रसंग आधी चित्रित कर, म्हणजे मधेच बंद पाडणं कंपनीला परवडणार नाही.

हा सल्ला मला फार आवडतो. एकीकडे मालक, दुसरीकडे माणसाला पळायला वाट करून देणारा. अर्थात झॅनकने त्याची वसुलीही केली. जीन टिअर्नी तेव्हा मनाने फार खचलेली होती, तिच्यासाठी भूमिका लिही, असं त्याने डासिनला सांगितलं. उपकार होते, डासिनने लिहिली. म्हणूनच मेरी हे पात्र नंतर चिकटवल्यासारखं वाटतं. तुम्हाला ते खटकलं असेल तर चूक तुमची नाही.

कादंबरी जेराल्ड कर्शची, १९३८ ची. डासिनने ती न वाचताच सिनेमा केला आणि हे त्याने स्वतःच कबूल केलंय. पुस्तकातला नायक हॅरी फेबियन अमेरिकन असल्याची बतावणी करणारा लंडनचाच भडवा आहे. सिनेमात रिचर्ड विडमार्क आहे म्हटल्यावर तो खराच अमेरिकन झाला आणि क्लबला गिऱ्हाइकं आणून देणारा दलाल झाला. एका अर्थी हे पथ्यावर पडलं. परक्या शहरात पळत सुटलेला अमेरिकन, आणि कॅमेऱ्यामागेही तसाच एक.

आता लंडन. चित्रीकरण १९४९ चं. युद्ध सुरू झाल्यावर, १९३९ मध्ये, पिकॅडिली सर्कसच्या दिव्यांच्या जाहिराती विझल्या होत्या आणि त्या पुन्हा पेटल्या थेट एप्रिल १९४९ मध्ये. म्हणजे सिनेमात फेबियनच्या मागे लखलखणाऱ्या त्या पाट्या लंडनकरांसाठीही काही महिन्यांची नवलाई होती. आणि त्याच शहरात चार पावलांवर बाँबने पडलेल्या इमारतींचे सांगाडे तसेच उभे. सेट डिझायनरला हे दोन्ही एका चौकटीत बांधायला सांगितलं असतं तर त्याने अतिशयोक्ती म्हणून नकार दिला असता.

कॅमेरा मॅक्स ग्रीनचा. हा मूळचा बर्लिनचा मुट्झ ग्रीनबाउम, जर्मन मूकपटांत हात बसलेला आणि पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला. त्यामुळे रस्ते खरे, पण सावल्या बर्लिनच्या. सुरुवातीचीच धाव पुन्हा लावून बघा. रात्र, रिकामा चौक, फेबियन जिवाच्या आकांताने पळतोय, मागे माणूस. कोटाला खोचलेलं फूल खाली पडतं. आणि हा पठ्ठ्या ते उचलायला थांबतो! जीव जाईल पण ऐट जाता कामा नये. त्यानंतर मेरीच्या खोलीत शिरतो आणि तिच्या पर्समध्ये पैसे शोधायला लागतो. दोन मिनिटांत अख्खा माणूस कळला, संवादांची गरजच पडली नाही. पटकथेच्या कार्यशाळेत मी हा तुकडा हटकून दाखवतो.

आणि आता पहिलवान.

सिनेमात ग्रेगोरियस हा ग्रीको-रोमन कुस्तीचा जुना वस्ताद आहे. त्याचा मुलगा क्रिस्टो (हर्बर्ट लॉम) लंडनमध्ये कुस्त्यांचे फड लावतो, पण त्या सगळ्या तमाशाच्या, निकाल आधीच ठरलेल्या, आपल्या भाषेत नूरा कुस्त्या. बाप त्यावरून मुलाला तोंडावर झाडतो. फेबियन हे ऐकतो, आणि खऱ्या कुस्तीचा पुजारी असल्याचं सोंग घेऊन म्हाताऱ्याला खिशात घालतो. सगळी गोष्ट त्या सोंगावर उभी आहे.

या भूमिकेत आहे स्टॅनिस्लॉस झबिश्को. नाव ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. हा तोच झबिश्को, ज्याच्याशी आपला गामा पहिलवान १९१० मध्ये लंडनला लढला.

माझे आजोबा सांगलीकडच्या तालमीतले. त्यांच्या तोंडून ‘बिस्को’ नावाचा गोरा पहिलवान मी लहानपणी इतक्यांदा ऐकलाय की तो मला रावणाच्या खानदानातला वाटायचा. १० सप्टेंबर १९१० ला जॉन बुल पट्ट्यासाठी कुस्ती झाली. गामाने झबिश्कोला लगेच खाली घेतला, आणि त्यानंतर हा महाकाय गडी अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून पडून राहिला. चित होईना आणि उठेना. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लागणार होती, पण झबिश्को फिरकलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले. या खेपेला गामाने त्याला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. आजोबांच्या गोष्टीत झबिश्को इथे संपायचा. तो पुढे सिनेमात गेला हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी तिकीट काढून पुन्हा हरवला असता.

डासिनने त्याला लहानपणी पाहिलेलं होतं. भूमिकेसाठी नटांची नावं पुढे आली तेव्हा त्याने याचंच नाव धरलं. लोक म्हणाले, तो कधीच गेला असेल. शोधल्यावर कोंबड्यांच्या फार्मवर सापडला, कोंबड्या पाळत होता. वय ७०. डासिन त्याच्याबद्दल नेहमी आदराने बोलायचा, अनेक भाषा येणारा सुसंस्कृत माणूस म्हणून. अभिनयाचा अनुभव जवळजवळ नाही. पण चेहरा बघा, मान बघा, आणि ते मोडलेले कान बघा. तालमीच्या दारात बसलेला कुठलाही जुना वस्ताद आठवेल. मेकअपवाल्याला असे कान करता येत नाहीत, त्याला तीस वर्षं घासलेली डोकी लागतात.

यातली गंमत अजून पुढे आहे. अमेरिकेत कुस्ती पुरती ठरवून व्हायला लागली होती त्या काळात, एप्रिल १९२५ मध्ये, फिलाडेल्फियाला झबिश्कोने वेन मन नावाच्या फुटबॉलवाल्या विजेत्याकडून हरायचं ठरलं होतं. आखाड्यात उतरल्यावर याने ठरलेली कुस्ती खरी केली आणि त्याला सगळ्यांसमक्ष लोळवला. फार भाबडे होऊ नका, हे तत्त्वासाठी नव्हतं, विरोधी गोटाशी त्याचं आतून जमलेलं होतं. पण नूरा कुस्तीला नाक मुरडणारा वस्ताद पडद्यावर साकारताना त्याच्या डोक्यात काय चाललं असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

सिनेमातली त्याची झुंज स्वतंत्रपणे बघायची चीज आहे. दारू पिऊन आलेला स्ट्रँगलर नावाचा तमाशाच्या कुस्त्यांतला मल्ल (माइक मझुर्की, हाही मूळचा पहिलवानच) म्हाताऱ्याला डिवचतो आणि दोघे रिकाम्या तालमीत भिडतात. प्रेक्षक नाहीत, पंच नाही. डावापेक्षा मिठी जास्त, घामाने निसटणारे हात, पंजा तोंडावर दाबून वळवलेली मान, आणि कानाशी ऐकू येतील अशा धापा. सत्तरीचा माणूस खरंच दमतोय हे दिसतं. तो जिंकतो. आणि थोड्याच वेळात मुलाच्या मिठीत मरतो. सिनेमाचं शीर्षक हॅरी फेबियनचं असेल, पण त्याचं काळीज या प्रसंगात आहे. बाप गेल्यावर क्रिस्टो फेबियनच्या डोक्यावर हजार पाउंड लावतो आणि इथून पुढे फक्त पळापळ उरते, ती थेट हॅमरस्मिथ पुलापाशी पहाटे संपेपर्यंत.

जाता जाता: ग्रेगोरियसचा चेला निकोलस झालेला केन रिचमंड हाही खरा मल्ल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हेवीवेटच्या फ्रीस्टाइलला त्याने ब्राँझ घेतलं. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच फ्रीस्टाइलमध्ये, बँटमवेटचं ब्राँझ कोणाचं होतं हे कराडच्या पोरांना सांगायला नको. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. आणि जुन्या रँक कंपनीच्या सिनेमांआधी उघड्या अंगाने भली मोठी घंटा ठोकणारा माणूस आठवतो? ते काम करणाऱ्यांपैकी एक हाच रिचमंड.

राहिला संगीताचा प्रश्न. तो सोपा आहे. सिनेमाच्या दोन आवृत्त्या निघाल्या. ब्रिटिश आवृत्ती सुमारे १०१ मिनिटांची, संगीत बेंजामिन फ्रँकेलचं. अमेरिकन सुमारे ९६ मिनिटांची, संगीत फ्रान्झ वॅक्समनचं. फक्त संगीत नाही, काही प्रसंग आणि शेवटही वेगळे आहेत, ब्रिटिश शेवट जरा मऊ आहे. डासिनला संकलनाच्या वेळी स्टुडिओत पाऊल टाकायची मुभा नव्हती, काळ्या यादीची सावली तोवर तिथे पोचली होती. दोन्हीपैकी आपल्या मनाजवळची म्हणून त्याने अमेरिकन आवृत्तीकडे बोट दाखवलं. मीही तीच आधी बघा म्हणेन. वॅक्समनचं संगीत फेबियनच्या मानगुटीवर बसतं, फ्रँकेलचं त्याच्याकडे जरा दुरून बघतं. ब्रिटिश प्रिंट नंतर, अभ्यास म्हणून. तुमच्या डीव्हीडीची लांबी तपासा, लगेच कळेल कुठली आहे.

झॅनकचं भाकीत हॉलिवूडपुरतं तेव्हा खरं ठरलं. १९५१ मध्ये दोन दिग्दर्शकांनी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे डासिनचं नाव घेतलं आणि त्याचं काम तुटलं. पुढचा सिनेमा थेट १९५५ मध्ये, पॅरिसला, ‘रिफीफी’. त्यात त्याने टोपणनावाने एक भूमिकाही केली आहे, साथीदारांची नावं सांगून टाकणाऱ्या माणसाची. त्या माणसाचं काय होतं ते सांगत नाही. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो.