काकीच्या नातवाच्या डोक्यावरचा हात

पत्र खानापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती बहिणीचं आहे. वय ३६, घरीच ब्लाउज शिवते, रविवारची उपासना चुकवत नाही. शेजारच्या मराठा काकीशी तिचा माहेरासारखा घरोबा आहे. काकीचा सात वर्षांचा नातू डेंग्यूनं बेळगावात ॲडमिट होता. ही भेटायला गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं प्रार्थना केली, "सैतानाला बांधते, येशूच्या रक्तानं झाकते." पोराच्या आईनं हात बाजूला केला, "आमच्या पोरावर हे नको." पोरगा बरा होऊन घरी आला. आता प्रार्थनेच्या गटातल्या बायका म्हणतात, "येशूनं बरं केलं म्हणून जाऊन सांग, साक्ष द्यायची हीच वेळ." नवरा म्हणतो, "गावात बोलणी नकोत, गप बस." ती विचारते, "अक्का, माझं चुकलं काय? आता गप्प बसले तर प्रभूला नाकारल्यासारखं होईल काय?"

अगं, चुकलं ते एवढंच की त्याची आई तिथंच उभी होती आणि तू तिला विचारलं नाहीस.

बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढ. येशूनं बाळकांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण ती बाळकं लोकांनी आपणहून त्याच्याकडे आणली होती. त्याच अध्यायात पुढे आंधळा बार्तीमय येतो. त्याला काय हवंय ते सगळ्या गर्दीला दिसत होतं, तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? प्रभू विचारतो, मग आपण का विचारू नये? "वहिनी, याच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल काय?" एवढंच. ती नको म्हणाली तर खाली जाऊन तिच्यासाठी चहा आण, ती अंघोळ करून येईतो पोराजवळ बस.

दुसरं शब्दांचं. आपल्या गटात 'रक्तानं झाकते' म्हटलं की आपल्याला धीर येतो, कारण त्यामागचा येशूचा वधस्तंभ, त्यानं आपल्यासाठी सांडलेलं रक्त, आपल्याला ठाऊक आहे. चार रात्री प्लेटलेट्सचे आकडे मोजत बसलेल्या आईला मात्र आपल्या लेकराच्या डोक्यावर फक्त 'सैतान' आणि 'रक्त' ऐकू आलं. मी तिच्या जागी असते तर घाबरलेच असते. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, १९२२ साली देह ठेवेपर्यंत बायबलच्या भाषांतरात गढून गेल्या होत्या, आणि सगळी धडपड कशासाठी, तर साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत ते यावं म्हणून. आपली प्रार्थना शेजारणीला कळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक अडचण आपल्या रीतीतलीच आहे. आपल्याकडे आशीर्वाद थोरानं धाकट्याला द्यायचा असतो. तू काकीला "मी तुम्हाला आशीर्वाद देते" म्हणालीस तर ते उद्धटपणाचंच वाटेल. पण रूथच्या पुस्तकात बवाज सुगीच्या दिवसांत शेतात येतो, कापणी करणाऱ्यांना "परमेश्वर तुमच्याबरोबर असो" म्हणतो, आणि ती मजूर माणसं उलट आपल्या धन्यासाठी परमेश्वराचा आशीर्वाद मागतात. असो, करो, देवो. देणारा तो, आपण नुसतं मागायचं, म्हणून धाकट्यानंही मागावं. बेळगावच्या बाजारात भाजीवाली कन्नड आजी सुट्टे पैसे देताना "देवरु ओळ्ळेदु माडली", देव भलं करो, म्हणते, तेव्हा तिचं वय किंवा धर्म कोण विचारतो? माझे वडील गेले तेव्हा शेजारच्या भाभींनी माझा हात धरून "अल्ला सबर दे" म्हटलं होतं. त्या दिवशी मला तेवढंच ऐकू आलं. म्हणून काकी तुला "देवी तुझं भलं करो" म्हणाली तर कसनुसं तोंड करू नकोस. तिच्या मायेला माया म्हणूनच घे.

आता साक्षीचं. "येशूनं बरं केलं" हे सांगायला जाऊ नकोस. काकीनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोललाय असं तूच लिहितेस. डॉक्टर झटले, नर्सबाई जागल्या, ती आई तर उभीच होती. तू जाऊन बरं केल्याचं श्रेय मागितलंस तर तुझी प्रार्थना बिलासारखी वाटेल. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचा रोग प्रभूनं काही परत लावला नाही.

पण लपवूही नकोस. कोणी विचारलं, "तू का गं एवढी येतेस?" तर सरळ सांग, मी येशूला मानते, त्यानं मला असं वागायला शिकवलं. प्रेषित पेत्र म्हणतो, आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. तेव्हा प्रभूला नाकारल्याची भीती मनातून काढून टाक.

नवऱ्याच्या भीतीला हसू नकोस. आपल्या भागात मिशनचं काम १८२० पासूनचं, 'बाटवतात' हा संशयही जुनाच. त्यात डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटकाच्या विधानसभेत मंजूर झालं तेही बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात. तेव्हापासून दवाखान्यातल्या खाटेजवळचा एखादा शब्दसुद्धा लोक कान टवकारून ऐकतात. आजाऱ्याच्या असहायपणात आपण काही मिळवायला आलो, असं कुणाला वाटायला जागाच राहू नये.

या आठवड्यात पोराच्या आईला एकटीला गाठ. म्हण, "वहिनी, त्या दिवशी तुम्हाला न विचारता हात ठेवला, माझं चुकलं." पुढे 'पण' जोडू नकोस. ती बोलली नाही तरी बसून राहू नकोस, घरी ये. घरात शिरताना "ह्या घरास शांती असो" म्हणा, असं सांगताना प्रभूनं पुढेच सांगितलंय, ती कुणी घेतली नाही तर तुमच्याकडे परत येईल. गटातल्या बायकांनाही हेच वाचून दाखव. त्या रागावतील थोड्या, रागावू देत.

आणि रात्री दार लावून तू त्या पोरासाठी जे मागशील, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्याचं नाव पत्रात लिहिलं नाहीस, बरं केलंस. 'काकीचा नातू' एवढं म्हणून आज मीही त्याला प्रार्थनेत घेईन.