हात भरून आला, हृदय का नाही?

मूलपेशींवरच्या मागच्या लेखानंतर आलेल्या प्रश्नांपैकी चार निवडले आहेत.

यंत्रमागाचा धोटा उडून माझ्या मनगटाला लागला. आठ टाके पडले, पण महिन्यात जखम भरली. वडिलांना हार्ट अटॅक येऊन तीन वर्षं झाली, हृदय मात्र कमकुवतच आहे. शरीर हाताला एक न्याय आणि हृदयाला दुसरा का लावतं?
– यंत्रमाग कामगार, अशोक चौक

कारण हृदयाकडे राखीव माल जवळपास नाही. मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, हा तो राखीव माल. ती विभागते तेव्हा काही पेशी मूलपेशीच राहतात आणि बाकीच्या कामाला लागतात. कातडीच्या तळाच्या थरात त्या भरपूर असतात, म्हणून महिनाभरात वरची कातडी नवी होते. आतड्याचं अस्तर तर 3 ते 5 दिवसांत बदलतं. हृदयाच्या स्नायूपेशींपैकी तरुणपणीसुद्धा वर्षाला जेमतेम 1 टक्का बदलतात, पुढे त्याहून कमी. अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो. तो हृदयाची भिंत धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही.

तुमच्या मनगटाचंही काम पूर्ण झालेलं नाही, बरं का. जखम खोल असेल तर त्या वणावर केस उगवणार नाहीत आणि सोलापूरच्या मे महिन्यातही तिथं घाम येणार नाही. यकृताची तऱ्हा आणखी वेगळी: तिथं मूलपेशींवर फारसं न विसंबता रोजच्या कामातल्या पेशीच विभागून तूट भरतात.

वडिलांच्या गोळ्या चालू ठेवा. उरलेल्या स्नायूवरचा ताण त्या कमी करतात.

सासूबाई मशेरी लावतात. गालाच्या आत जखम आहे, दीड महिना झाला तरी भरत नाही. तपासणीसाठी तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं गल्लीत सगळे म्हणतात. खरं का?
– एक सून, बार्शी

खोटं आहे. याच आठवड्यात त्यांना कान-नाक-घसा किंवा दातांच्या डॉक्टरांकडे न्या. सिव्हिलला आणलंत तरी चालेल. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. गल्लीचं ऐकून घरी बसलं, तर मात्र असलेला वाढतो.

आता कारण. तोंडाचं अस्तर साधारण दोन आठवड्यांत नवं होतं. म्हणून तीन आठवड्यांत न भरलेली जखम आम्हाला खटकते. मशेरी रोज तिथल्या पेशी मारते आणि तळाच्या मूलपेशींना रोज दुरुस्तीला जुंपते. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका होतात आणि तंबाखूतली रसायनं त्यांत भर घालतात. वरच्या पेशीत चूक झाली तर ती पेशी गळून जाते, चूकही जाते. मूलपेशी मात्र वर्षानुवर्षं तिथंच असते, त्यामुळे चुका साठतात.

अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी 1986 मध्ये कॅन्सरच्या गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटलं. नव्या रक्तवाहिन्या, धावून येणाऱ्या पेशी, वाढीचे निरोप हे सगळं जखमेत असतं तसंच गाठीत असतं. जखम भरली की ‘पुरे’ असा निरोप जातो. गाठ तो ऐकत नाही.

गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या घातक असतात असंही नाही. टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने 1994 मध्ये दाखवलं, की एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये फार थोड्या पेशीच उंदरात तो आजार पुन्हा उभा करतात. केमोनंतर अशा पेशी उरल्या तर आजार उलटतो. सगळ्याच कॅन्सरला हे तितकंच लागू पडतं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

मुलाला ऑटिझम आहे. स्टेम सेलच्या इंजेक्शनने सुधारेल असं एका ठिकाणी सांगितलं. खर्च काही लाख. शेत गहाण ठेवू का?
– एक आई, अक्कलकोट

नको, ताई. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूलपेशींचा सिद्ध उपचार म्हणजे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं बोन मॅरो (हाडातला मगज, जिथं रक्ताच्या मूलपेशी असतात) प्रत्यारोपण. ऑटिझम त्यात नाही. बाकी सगळं मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) करायचं असतं. सीटीआरआय, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली नोंद दाखवा म्हणा, मग त्यांचा सूर कसा बदलतो बघा. पेशंटचे व्हिडिओ दाखवून लाखो रुपये मागणाऱ्यांबद्दल माझं मत इथं छापण्यासारखं नाही. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी संथ चालतात, पण फायदा त्यांचाच होतो. त्या सोडू नका.

भावाला बोन मॅरो द्यायचा आहे. माझा मणका कमजोर होईल का?
– एक बहीण, जुळे सोलापूर

मणक्याला कुणी हात लावत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूलपेशी रक्तात आणतात आणि हाताच्या शिरेतून गोळा करतात. नाहीतर भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात. तेव्हा कंबर काही दिवस ठणकते. दिलेला मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, तेव्हा आधी एचएलए तपासणी (दोघांच्या पेशी जुळतात का हे पाहणारी रक्ततपासणी) करून घ्या.