पाच जणांच्या घरासाठी खेळ: कोणी लिंबूटिंबू राहू नये म्हणून काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच जण आहेत: ६ वर्षांचा मुलगा, ११ वर्षांची मुलगी, तुम्ही दोघं आणि सत्तरीच्या सासूबाई. सगळ्यांनी मिळून खेळायचंय. दिवाळीला प्लेस्टेशन घ्यावं की बोर्ड गेम, आणि ज्याचं नाव सगळेच घेतात तो कॅटन हा बोर्ड गेम तुमच्याकडे चालेल का, असा प्रश्न आहे.

खोक्यावरचं वय सगळे वाचतात, किती जणांचा खेळ आहे ते फारसं कोणी पाहत नाही. तुमच्याकडे तेच आधी पाहायला हवं. नावाजलेले कितीतरी खेळ २ ते ४ जणांचे असतात. रमीकब, क्वर्कल, अझुल, मूळ कॅटन, सगळे चारावर थांबतात. आणि पाचवं माणूस म्हणजे बहुतेक घरांत आईच: “तुम्ही खेळा, मी तोवर कुकर लावते.” हे टाळायचं तर पाच जणांचा खेळ घ्या, नाहीतर दोघांना मिळून एक हात खेळू द्या.

दुसरी कसोटी माझी स्वतःची. लपंडावात धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करतात; ते पळतं, लपतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच खेळांत असं कोणीतरी असतंच. कधी धाकटं मूल, कधी आजी, आणि व्हिडिओ गेम असेल तर चक्क आईबाबा. म्हणून मी खेळ घेण्याआधी इतकंच बघते की घरातल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूला आपल्या पाळीत स्वतः काही ठरवता येतं का, आणि जो मागे पडतो किंवा बाद होतो त्याला किती वेळ नुसतं बसावं लागतं.

या कसोटीवर आपला जुना ‘व्यापार’ नापास होतो. त्याचा मूळ पुरुष मोनोपॉली, आणि मोनोपॉलीचं मूळ म्हणजे अमेरिकेत लिझी मॅगी यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेला ‘लँडलॉर्ड्स गेम’. जमिनी एकाच्याच हातात गेल्या की बाकीच्यांचं काय होतं ते लोकांना दिसावं, हाच त्या बाईंचा हेतू होता. दिसतं ते चांगलंच! पहिला गडी दिवाळखोर होऊन उठतो तेव्हा डाव भरपूर उरलेला असतो आणि तो गडी बहुधा सहा वर्षांचा असतो. घरात व्यापार असेलच तर मोनोपॉलीचा मूळ नियम लावून बघा: आलेल्या माणसाने जागा विकत घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथे लिलाव. बहुतेक घरांत हा नियम पाळतच नाहीत, म्हणून डाव रेंगाळतो.

सापशिडीची अडचण उलटी आहे. तिथे चार वर्षांचं मूल आणि आजोबा अगदी बरोबरीचे, कारण दोघांपैकी कोणीच काही ठरवत नाही. तुमची मुलगी दहा मिनिटांत कंटाळेल.

आता घ्यायचं काय. सासूबाईंना पत्ते येतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या पिढीत बहुतेकांना रमी तरी येतेच. येत असेल तर रमीकब डोळे झाकून घ्या. हा रमीच आहे, पत्त्यांऐवजी सोंगट्यांचा: चार रंगांत १ ते १३ आकडे प्रत्येकी दोनदा आणि दोन जोकर, एकूण १०६. पहिल्यांदा उतरताना ३० गुणांची मांडणी लागते. खरी मजा त्यानंतर येते, कारण टेबलावर इतरांनी लावलेले सिक्वेन्स मोडून, पुन्हा जुळवून त्यात आपली सोंगटी घुसवता येते. इथे सासूबाई शिकाऊ नसतील, गुरू असतील. धाकट्याला त्यांच्या शेजारी बसवा, दोघांचा एक हात. झाले चार.

धाकट्याला स्वतःच्या जिवावर खेळायला क्वर्कल. सहा रंग, सहा आकार, १०८ लाकडी ठोकळे, वाचायला एक अक्षर नाही. एका ओळीत रंग तरी सारखा हवा नाहीतर आकार तरी, आणि सहाची ओळ पूर्ण केली की सहाऐवजी बारा गुण. सहा वर्षांच्या मुलाला सगळा खेळ कळतो, आणि मोठ्यांनाही विचार करावा लागतो. गुण मुलीला लिहू द्या, तिची बेरीज पक्की होईल.

आणि डॉबल. ५५ गोल पत्ते, प्रत्येकावर आठ चित्रं, आणि कुठलेही दोन पत्ते घ्या, त्यांच्यात नेमकं एकच चित्र सारखं. ते जो आधी ओरडेल त्याचा पत्ता. यामागचं गणित सुंदर आहे, पण ते राहू दे. कामाची गोष्ट अशी की यात मुलं मोठ्यांना खरोखर हरवतात, कोणी मुद्दाम हरावं लागत नाही. मुद्दाम हरलेलं पोरांना कळतं हो. पाच जण आरामात खेळतात, डाव पाच-दहा मिनिटांचा, डबी प्रवासात पिशवीत मावते. सासूबाईंना चष्मा बदलायचा असेल तर मात्र आधी तो बदला.

पाचही जणांना पुरणारा थोडा मोठा खेळ हवा असेल तर तिकीट टू राइड. नकाशावर रेल्वेचे मार्ग जोडायचे, रंगीत पत्ते जमवायचे, नियम एका दमात सांगून होतात. खोक्यावर वय ८ आहे, म्हणजे धाकटा आणखी काही दिवस बाबांच्या मांडीवर. या खेळाला भारताचा नकाशाही मिळतो, पण तो जोड नकाशा आहे. रेल्वेचे डबे मूळ खेळातलेच वापरावे लागतात आणि त्यावर चारच जण खेळू शकतात, तेव्हा सुरुवात त्याने नको.

दुकानात गोंधळ उडाला तर खोक्यावर सोंगटीचं चिन्ह शोधा. जर्मनीत १९७९ पासून वर्षातल्या उत्तम खेळाला पुरस्कार देतात, त्याचं ते चिन्ह. लाल सोंगटी म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी, निळी म्हणजे लहान मुलांसाठी, काळपट म्हणजे सरावलेल्या खेळाडूंसाठी. रमीकबला लाल सोंगटी १९८० मध्ये मिळाली, तिकीट टू राइडला २००४ मध्ये, क्वर्कलला २०११ मध्ये. काळपट सोंगटी दिसली की तूर्त खोकं खाली ठेवा.

२०१६ ची लाल सोंगटी कोडनेम्स या शब्द ओळखायच्या खेळाला मिळाली, पण तो विकत घेऊ नका, घरी करा. विकतच्या खेळात इंग्रजी शब्द असतात आणि सासूबाई तिथेच बाहेर पडतात. २५ चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहा, पाच बाय पाच मांडा. चौकटीच्या कागदावर गुप्त नकाशा काढा: ९ चौकोन एका संघाचे, ८ दुसऱ्याचे, ७ कोणाचेच नाहीत, आणि १ विषारी, तो उचलला की डाव तिथेच संपला. नकाशा फक्त दोन कप्तानांनी बघायचा. आपल्या गड्यांना आपल्या संघाच्या चिठ्ठ्या ओळखता याव्यात म्हणून कप्तानाने एक शब्द आणि एक आकडा बोलायचा, बाकी तोंडावर बोट. ‘होळी, तीन’ म्हटलं की गड्यांनी टेबलावरून लाकूड, रंग आणि पोळी शोधायचे, आणि विषारी चिठ्ठीवर ‘राख’ लिहिलेलं असेल तर कप्तानाचा चेहरा बघण्यासारखा होतो. तीन विरुद्ध दोन असे संघ चालतात. धाकट्याला अजून झरझर वाचता येत नसेल तर शब्दांऐवजी चित्रं काढा. सासूबाईंना कप्तान करा. त्यांचे संदर्भ तुमच्या नवऱ्याला कळतील आणि मुलीला नाही, मग मुलगी विचारत बसेल.

सगळ्यांनी एका बाजूने, खेळाविरुद्ध खेळायचे बोर्ड गेमही असतात. ऐकायला फार छान वाटतं, पण त्यात एक जण सगळ्यांच्या चाली सांगू लागतो. आमच्या घरात ती मी आहे. तुमच्याकडे ती तुमची ११ वर्षांची मुलगी असण्याची शक्यता दाट.

आता प्लेस्टेशन. ‘मल्टिप्लेअर’ या शब्दावर जाऊ नका. कितीतरी मल्टिप्लेअर गेम फक्त इंटरनेटवरून खेळायचे असतात, म्हणजे एकाच सोफ्यावरच्या दोघांना दोन मशिन आणि दोन टीव्ही लागतील. गेमच्या पानावर एका मशिनवर किती जण खेळतात ते वेगळं दिलेलं असतं, तेवढं वाचा. मग तितके कंट्रोलर लागतात, त्याचा खर्च आधीच धरा.

वयाच्या शिक्क्यानेही फसायला होतं. युरोपातली पेगी पद्धत ३, ७, १२, १६, १८ असे आकडे देते, पण ते आत काय दाखवलंय याबद्दल असतात, खेळ किती अवघड याबद्दल नाही. फुटबॉलच्या गेमवर ३ असतं आणि त्यात इतकी बटणं की माझी बोटं गुंततात. ‘इट टेक्स टू’ दोघांनी एकत्र खेळायचा अप्रतिम गेम, पण दोघांनीच, गोष्ट घटस्फोटाला निघालेल्या आईबापांची, आणि शिक्का १२ चा. मुलीसोबत खेळायचा तर आधी तुम्ही दोघं खेळून बघा.

गेम न खेळलेल्या माणसाला नेमकं काय जड जातं माहीत आहे? कंट्रोलरवरच्या दोन काड्या. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्याने कॅमेरा फिरवायचा. सासूबाई भिंतीला नाक लावून उभ्या राहतील आणि कंट्रोलर परत देतील. म्हणून कॅमेरा फिरवावाच लागत नाही असे गेम बघा. ओव्हरकुक्ड त्यातला: चार जण एका स्वयंपाकघरात, कोणी कांदा चिरतंय, कोणी भांडी घासतंय, ऑर्डरी साचतायत आणि सगळे एकमेकांवर ओरडतायत. दोन्ही भाग एकत्र असलेल्या आवृत्तीत सोपं करून खेळायची सोय आहे, ती सुरू ठेवा. (नवऱ्याला भांड्यांवर ठेवा.)

निन्टेन्डो स्विच या दुसऱ्या मशिनवरचा मारिओ कार्ट ८ डीलक्स हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम माझ्या कसोटीला सगळ्यात नीट उतरतो. गाडी रस्ता सोडत नाही आणि आपोआप पुढे जाते अशी सोय लावता येते, आणि जो जितका मागे त्याला तितकी जोरदार हत्यारं मिळतात. त्यामुळे शेवटच्या फेरीपर्यंत सगळे शर्यतीत. मात्र स्विच घेताना दुकानदाराला वॉरंटी कोण देणार ते स्पष्ट विचारा.

मी तुमच्या जागी असते तर या दिवाळीला मशिन घेतलंच नसतं. घरात बरा लॅपटॉप असेल तर तो केबलने टीव्हीला जोडा, दोन कंट्रोलर घ्या आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून ओव्हरकुक्ड उतरवा. तिथे विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात. दोन तासांत घराला गोडी लागते की नाही ते कळतंच. उरलेल्या पैशांत डॉबल आणि रमीकब.

कॅटन खेळ म्हणून उत्तमच आहे, पण तुमच्या पाच जणांत नको. पाचव्यासाठी वेगळी जोड विकत घ्यावी लागते, मालाच्या देवाणघेवाणीत मोठी माणसं लहानांना गुंडाळतात, आणि फाशांवर सात पडले की कोणाचा तरी माल चोरावाच लागतो. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहांमध्ये सात पडतात, म्हणजे हा प्रसंग वरचेवर येणार आणि धाकटा दर वेळी रडणार. मुलीच्या वाढदिवसाला घ्या, तिच्या तीन मैत्रिणी बोलवा आणि त्या चौघींना दार लावून खेळू द्या.